दीपगृहातलं बाळ

आखाती युद्ध सुरू झालं तशी रियाधमधली आमच्या मुलीची भारतीय शाळा बंद झाली आणि इंग्रजीच्या बाईंनी नववीच्या मुलींना घरी निबंध लिहायला दिला: एक कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा. कादंबरी एका स्कॉटिश लेखकाची. ती शहरातल्या एकाही दुकानात मिळत नव्हती, पण ही चौकशी बाईंनी केलेली नव्हती. सिनेमाची कॅसेट मात्र बत्हा बाजारातल्या एका दुकानात होती. ती घरोघर फिरली. स्कड क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येईल या भीतीने प्रत्येकाने एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावून बंद केली होती, आणि त्या खोलीत बसून करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

आमच्याकडे कादंबरीही होती. ऑफिसातला एक स्कॉटिश इंजिनियर घाईने मायदेशी गेला, तो जाताना फ्लॅटची किल्ली आणि हे पुस्तक माझ्याकडे ठेवून. लेखक त्याच्या शेजारच्या गावचा. मी एकदा त्या लेखकाला इंग्रज म्हणालो, तर पुढचे दोन दिवस इंजिनियर माझ्याशी फक्त बिलांपुरतं बोलला.

गोष्ट साधी आहे. बेटावर दीपगृहाचा रखवालदार, खाली गावात एक विधवा. पुस्तकात त्यांचं जमतं, बाळ होतं, गाव तिला वाळीत टाकतं. कॅसेटमध्ये ती कंदील घेऊन दीपगृहाच्या पायऱ्या चढते आणि पुढच्याच दृश्यात पाळणा हलवत बसलेली असते. मधलं सगळं तिथल्या सेन्सॉरने कापलेलं. माझा पेशा हिशेबाचा. वेष्टनावर छापलेली वेळ घड्याळाशी ताडून पाहिली, तर वीसेक मिनिटं कमी भरली.

वर्गातल्या बाकी सगळ्या मुलींनी लिहिलं की विधवेने अनाथ बाळ सांभाळलं. एवढ्या पुण्यकर्माबद्दल गाव तिला वाळीत का टाकतं, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. आमच्या मुलीने पुस्तकात होतं ते लिहिलं.

शाळा उघडली आणि बाईंची चिठ्ठी आली. मुलीने मनाने अश्लील गोष्ट रचली आहे, निबंध मुख्याध्यापिकांकडे जाईल, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा येईल. आम्हाला तिला दहावीसाठी पुण्याला मावशीकडे पाठवायचं होतं. असा शेरा असलेला दाखला पाहून तिथली कोणती शाळा तिला घेणार होती?

"बाबा, बुक में यही लिखा है," मुलगी म्हणाली. "मैं क्या करूँ?"

मुलींच्या शाळेत वडिलांना प्रवेश नव्हता, म्हणून बायकोला जावं लागणार होतं. मी तिच्याकडून कमी भरलेल्या मिनिटांचा मुद्दा पाठ करून घेतला आणि पुस्तक नेऊ नकोस म्हणून बजावलं. आपला पुरावाच असा, की दाखवला तर शेरा मुलीऐवजी आपल्यावर यायचा. तिने ऐकून घेतलं. गाडीतून उतरली तेव्हा अबायाच्या काळ्या झग्याखाली हात दाबून, जरा ताठच चालत गेली.

परत आली ती मोकळ्या हाताने.

"मिनिटांचं सांगितलंस?"

"राहिलंच."

बाईंनी म्हणे आधी दार लावून घेतलं. मग बायकोने दाखवलं ते पान वाचलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. मग हळूच विचारलं, शेवटी गाव तिला परत घेतं का हो? त्यांच्याही घरी तीच कॅसेट गेली होती, आणि कादंबरीचं तोंड त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिलं. पण आता निबंध बरोबर ठरवला, तर तो बरोबर असल्याचं आपल्याला कसं कळलं, हे बाईंना सांगावं लागलं असतं.

निबंध मुख्याध्यापिकांकडे गेला नाही. पालकांच्या सहीसाठी घरी आला, तेव्हा त्यावर लाल शाईत शेरा होता: 'मजकूर मूळ कथेला सोडून आहे. कल्पनाशक्ती उत्तम.' मजकुराचे गुण कापले होते, कल्पनाशक्तीचे दिले होते. मूळ कथा कोणती, एवढंच विचारणारं पत्र लिहायला मी कागद घेतला.

"बाबा, साइन कर दो ना," मुलगी म्हणाली.

केली. दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' आलं आणि मुलगी पुण्याला गेली. पुस्तक काही आलं नाही.

युद्धानंतर इंजिनियर परतला आणि त्याने पुस्तक मागितलं. ते शाळेत इंग्रजीच्या बाईंकडे आहे, असं मी सांगितलं. त्याने त्याच दिवशी घरी पत्र लिहिलं, की आपल्या लेखकाची कादंबरी आता सौदीच्या शाळांमध्ये शिकवतात.