इतवारीत बोललेलं खोटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. ज्याच्यासाठी केलं, त्या माझ्या भावालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. सांगतोय, एवढंच.

आमचं गाव वर्ध्याकडच्या सेलूजवळ. केळीची बाग, थोडी वांगी, मिरच्या. थोरला भाऊ नामदेव आणि मी. आणीबाणीत दादाची सोयरीक जुळली होती. सेलूच्या मोहनशेठकडे रेशनचं दुकान होतं. ते टिकवायचं तर नसबंदीला माणसं आणून द्या, असा वरून तगादा. एके दिवशी तो दादाला म्हणाला, "चाल नामदेव, साखरेचे पोते उतरवाचे हायेत." ट्रकमध्ये बसवलं आणि नेऊन शिबिरात सोडलं. बिनलग्नाच्या माणसाला!

सोयरीक मोडली. दादा कुणाशी भांडला नाही; बागेत जाऊन नुसता बसून राहायचा. मी मात्र तेव्हाच ठरवलं – शेठच्या घरचं असंच काहीतरी मोडायचं.

मग निवडणूक झाली. निकालाच्या दिवशी मी केळी घेऊन नागपूरला गेलो होतो. वर्ध्याची, नागपूरची जागा जुन्याच पक्षाकडे राहिली, पण दिल्लीचं सरकार पडलं होतं. लोक रस्त्यात अनोळखी माणसाला पेढा भरवत होते. मीही खाल्ला. वाटलं, आता शेठची पाळी.

कसली पाळी? शेठ बिलंदर. वारं फिरलं तसा तोही फिरला. नागपूरच्या इतवारीत एक व्यापारी घराणं होतं. तिथल्या थोरल्या मालकांचा धाकटा भाऊ आणीबाणीत सरकारविरुद्ध पत्रकं वाटत, लपत फिरताना सेलूच्या स्टँडवर पकडला गेला होता. तुरुंगातून सुटला तो दमा घेऊनच. आता त्या घराला नागपूरभर मान. शेठनं आपली पोरगी सुशीला त्याच घरात द्यायचं ठरवलं. दादाचा संसार बुडवून हा हार घालून मिरवणार – हे मी बघत बसायचं?

नाही बसलो. केळीची गाडी रिकामी केली आणि थेट इतवारीत गेलो. थोरल्या मालकांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "ज्यानं तुमच्या भावाची खबर देल्ली, त्याच्याच पोरीले सून करता का?"

खोटं होतं. कुणी खबर दिली, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. पण शेठची अधिकाऱ्यांत ऊठबस सगळ्यांना माहीत होती, म्हणून ते पटलं. दादाचं खरं दुःख मी तिथं सांगितलंच नाही – तेवढ्यानं लग्न मोडलं नसतं, म्हणून.

लग्न मोडलं. आनंद झाला का? झाला. दादाला मीच बातमी दिली, त्याचा चेहरा बघायला मिळावा म्हणून. तो केळीची पानं कापत होता. म्हणाला, "त्या पोरीनं कोणाचं काय केलतं बे?" मला त्याचाच राग आला.

सुशीलाला पुढे स्थळ आलं नाही. बापाचं दुकान तिनं चालवलं. दादा गेला, शेठही गेला. मी आता सेलूतच राहतो; मागच्या लोकसभेला मतदानाच्या वेळी म्हाताऱ्यांच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. म्हातारी झालीय, काठी घेऊन चालते. इकडचं तिकडचं बोलता बोलता एकदम म्हणाली, "भाऊ, बाबा मरेपर्यंत म्हणत राह्यले, 'म्या कोणाची खबर देल्ली नाई.' एका घरात राहून म्या त्याईच्याशी धड बोलली नाई कधी. तुमी तवाचे. तुमाले काय वाटते, देल्ली असन का त्याईनं?"

म्हणजे शेठच्या म्हातारपणातही माझं खोटं त्याच्या ताटापाशी बसलेलं होतं. मला हे ठाऊकच नव्हतं! आणि ऐकून माझ्या आत काय झालं असेल? गार वाटलं. इतक्या वर्षांनी, छातीत गार वाटलं.

एक "नाई" पुरला असता. बाप मेलेला, तिचे केस पिकलेले. मला काय तोटा होता? पण तो सुटेल, मेल्यावर का होईना पोरीच्या मनातून सुटेल – ते मला सोसेना.

"देल्ली असन," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रांग पुढे सरकली. ती आत गेली. तिच्यामागून मीही जाऊन मत देऊन आलो.