उंदराचं लिव्हर आणि मी विचारलेला प्रश्न

आमच्या मुलीने पाच वर्षं उंदीर सांभाळले. उसात राहणाऱ्या आम्हा लोकांना उंदराला विष घालायचं एवढंच ठाऊक, त्यामुळे वस्तीवर कुणाला हे पटेना. मी मात्र कौतुकाने सांगत फिरायचो, "ती उंदरांना अफू देते."

"पप्पा, अफू नाही!" ती वैतागायची. "अफूसारखी, पण माणसाने बनवलेली नवी रसायनं. किती डोसला श्वास थांबतो आणि लिव्हर त्या रसायनांचं पुढे काय करतं, ते बघते मी."

लिव्हर म्हणे औषध मोडून त्याचे नवे पदार्थ करतं, आणि त्यातला एखादा मूळ औषधापेक्षा जहाल निघतो. उसाच्या रसाची मळी आणि मळीची दारू होताना आम्ही बघतोच, त्यामुळे मला सगळं कळलं असा माझा समज झाला.

पीएचडीची तोंडी परीक्षा नगरला होती. बाहेरून आलेले परीक्षक नाही म्हणाले, तर पाच वर्षं पाण्यात. पोरीच्या घशाखाली सकाळपासून चहासुद्धा उतरला नव्हता. आम्ही दोघं दुसऱ्या रांगेत बसलो. इंग्रजीतल्या तिच्या प्रत्येक उत्तराला मी जोरजोरात मान हलवत होतो.

"तुमाला कळतंय व्हय?" बायको कुजबुजली.

"न्हाई. पण बरोबर हाय."

शेवटी परीक्षकांनी मराठीत विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही प्रश्न?"

हे नुसतं विचारायचं असतं आणि सगळ्यांनी गप्प बसायचं असतं, असं मला नंतर कळलं. पण मी पंचवीस वर्षं साखर कारखान्याची वार्षिक सभा न चुकता गाठलेला माणूस. तिथे प्रश्न मागितल्यावर जो बसून राहतो, त्याला लोक सभासद धरत नाहीत. मी उठलोच.

"माननीय अध्यक्ष महोदय आणि सभासद बंधूंनो..."

बायकोने शर्ट ओढला. "अहो, पोरीचं वाटोळं कराल!"

"उसाचं एकच बेणं माझ्या काळ्या रानात लावलं आणि मेहुण्याच्या मुरमाड रानात लावलं, तर उतारा सारखा पडत नाही. मग उंदराच्या लिव्हरमध्ये झालं, तेच माणसाच्या लिव्हरमध्ये होईल कशावरून?"

पोरीचा चेहरा पांढराफटक. परीक्षकांनी चष्मा काढला. "उत्तर द्या. माझाही हाच प्रश्न राहिला होता."

मी मटकन खाली बसलो.

"सगळं तसंच होत नाही," ती हळू म्हणाली आणि मग तिचा आवाज चढला. "म्हणूनच माणसाच्या लिव्हरच्या पेशींवरही प्रयोग केले. एक पदार्थ फक्त उंदरातच सापडला. तो माणसातही होतो, असा दावा मी केलेला नाही. पण जे दोन्हीकडे सापडले, ते बेशुद्ध रुग्णाच्या लघवीत शोधता येतील. मूळ औषध अंगातून निघून गेलं असलं, तरी श्वास कशाने अडतोय ते डॉक्टरांना कळेल."

कागदाकडे न बघता, हातवारे करत, थेट माझ्याशी बोलत होती ती! आणि मला खरोखर कळत होतं!

"झालं समाधान?" परीक्षकांनी मला विचारलं. पंचवीस वर्षांत सभेत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"झालं साहेब."

"मग आमचंही झालं," म्हणत त्यांनी निकालावर सही केली.

टाळ्या थांबायच्या आत पोर पळत आली, माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "प्रश्न भारी होता पप्पा. पण परत माझ्या कॉलेजात यायचं नाही."