देसाईसाहेबांचा अमेरिकन पाना

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी जुन्या अमेरिकन पान्यावरचा गंज रॉकेलने पुसत होतो. त्या वासाने जहाजाची इंजिनरूम आठवली.

आमचे चीफ इंजिनिअर देसाईसाहेब अशी हत्यारं जमवत. दांड्यावरची झिजलेली अक्षरं बोटाने चाचपून पाना कुठल्या कारखान्यातला, किती जुना, हे ते सांगत. निवृत्त होऊन सिंगापूरला उतरताना त्यांनी हा पाना माझ्या हातात ठेवला.

"साहेब, हा तर तुमचा लाडका!"

"राहू दे तुझ्याकडे. मला उचलवत नाही आता," म्हणत ते हसले.

मग इंजिनरूमची शिडी चढून वर डेकवर जाताना ते पायरीपायरीला थांबत होते. जहाज सोडवत नाही म्हणून थांबतात, असं वाटून माझेच डोळे भरून आले.

आज गंज पुसतापुसता माझं मनगट भरून आलं, तेव्हा कळलं. साहेब नुसते दमले होते.