रांचूला काय घालता?

आमचे हे न्हावी. नाव हिसाओ उएनाका, वय त्रेसष्ट. हात चांगला आहे, पण लक्ष गिऱ्हाइकाच्या केसांपेक्षा तोंडाकडे जास्त. गरम टॉवेल तोंडावर पडला, डोळे मिटले, की माणूस सैल होतो आणि नको ते बोलून जातो. एरवी हेच लोक ताकास तूर लागू देत नाहीत.

आमच्या यामातोकोरियामात निम्मं गाव गोल्डफिश पाळतं. त्यातले रांचू पाळणारे म्हणजे वेगळीच जात, आणि आमचे हे त्यातलेच. पाठीवर पर नसलेला, डोक्यावर मांसाचा मुकुट असलेला हा गुबगुबीत मासा पांढऱ्या घमेल्यात सोडून वरून बघायचा असतो. रांचूवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन भरतं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. कुणाचाही मासा बघून "काय खायला घालता?" असं विचारायचं, आणि समोरच्याने तोंड भरून हसत "छे हो, साध्या गोळ्या" म्हणायचं, ही मंडळाची रीत. खरं कुणीच सांगत नाही, आणि सांगेल अशी कुणाची अपेक्षाही नसते.

टॉवेलखाली मात्र सगळं बाहेर येई. टोफूवाले ताकेमोरी लाल अळ्या घालतात. निवृत्त पोस्टमास्तर इनुई कोळंबी वाटून त्यात लसूण चेचतात. कुणी अंड्याचा बलक, कुणी उकडलेला पालक. आमच्या ह्यांनी एकोणीस वर्षं हे सगळं डोक्यात साठवलं. तरी एकोणीस वर्षांत एकदाही नंबर नाही.

मी एकदा म्हटलं, "अहो, एकाचं तरी धड ऐका."

"तुला काय कळतंय, सुमिए? प्रत्येकाकडे एकेक गुण आहे. सगळे एकत्र केले की झालं!"

यंदा घाईला कारणही होतं. ह्यांचे गुरुजी, शिमोगावा, यांनी चाळीस वर्षं रांचू पाळले आणि गेल्या साली टाक्या मोडल्या. डोळे जात होते. वसंतात त्यांनी आपल्या वाणाची शेवटची आठ पिल्लं ह्यांच्या हाती दिली. म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, नव्या वर्षानंतर नुसता उजेड-अंधार कळेल. त्याआधी माझ्या वाणाचा एक मासा अजून एकदा नंबराच्या घमेल्यात बघायचाय."

झालं! ह्यांनी साठवलेलं सगळं एका पातेल्यात कालवलं. अळ्या, कोळंबी, लसूण, बलक, पालक. ते माझ्या फ्रिजमध्ये, माझ्या लोणच्याशेजारी. तीन महिने आमच्या दह्यालाही लसणीचा वास येत होता. दिवसातून सहा वेळा खाणं. मासे टम्म फुगले, मुकुट चढले, हे गावभर मिरवत फिरले. आणि ऑगस्टमध्ये एक मासा पोट वर करून तरंगू लागला. आठवडाभरात आठातले सहा गेले. अति तिथे माती, दुसरं काय! ह्यांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. मला राग येणार होता, पण टबाशेजारी उकिडवं बसलेलं माणूस बघून तो आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुजी केस कापायला आले. ह्यांनी त्यांच्या तोंडावर टॉवेल ठेवला आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "गुरुजी, तुम्ही काय घालत होता? आता तरी खरं सांगा."

टॉवेलखालून आवाज आला, "मंडळात आलास त्या दिवशीच सांगितलं होतं. साध्या गोळ्या. अजून खावं असं त्यांना वाटत असतानाच हात आखडता घ्यायचा. पाणी बघायचं."

गुरुजी गेल्यावर हे फणफणले, "एवढं होऊनसुद्धा लपवतात! माझ्यापासून!"

"लपवू देत," मी म्हटलं. "तुमच्याकडे दुसरा उपाय आहे का?"

नव्हता. पातेलं मी स्वतः रिकामं केलं. बाजारातल्या साध्या गोळ्या आणल्या आणि डबा माझ्या कपाटात कुलपात ठेवला. सकाळी एक चिमूट, दुपारी एक चिमूट. मासे काठाशी येऊन तोंडं उघडायचे, की हे माझ्याकडे असे बघायचे जणू उपाशी ह्यांनाच ठेवलंय. "अगं, अर्धी चिमूट!" "नाही म्हणजे नाही!" असे दोन महिने काढले. दोन माशांतला एक यथातथाच राहिला. दुसरा मात्र सडपातळ झाला आणि शेपूट पसरून सरळ, ऐटीत पोहायला लागला.

प्रदर्शनात त्याचा तिसरा नंबर आला.

ताकेमोरींनी ह्यांच्या पाठीत थाप मारली. "न्हावीबुवा, काय खायला घातलंत?"

"साध्या गोळ्या," हे म्हणाले.

सगळे खो खो हसले. इनुई म्हणाले, "शिकला गडी! आता खरा मंडळात आला!"

"अहो, खरंच! हिला विचारा!"

मी मान डोलावली, तर आणखी हसले. "वहिनीपण सामील!" ताकेमोरींनी तर तिथल्या तिथे उद्याची दाढी ठरवून टाकली. आता टॉवेलखाली उलटी चौकशी होणार हे उघड होतं.

गुरुजी मात्र घमेल्यावर वाकले होते, चष्मा पाण्याला टेकेल इतके. बोटाने हवेतच शेपटीची कड गिरवत होते. हे त्यांच्याशेजारी जाऊन बसले. कान लाल झाले होते.

"गुरुजी, म्हणजे तुम्ही इतकी वर्षं..."

"चाळीस वर्षं खरं सांगतोय," गुरुजी मान वर न करता म्हणाले. "एकानेही विश्वास ठेवला नाही. म्हणून तर दरवर्षी नंबर मिळत गेला."

हे हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. मीही दोन टिपं गाळली, खोटं कशाला बोलू.

"रड नंतर," गुरुजी म्हणाले. "आता जरा सरक, उजेड अडतोय. अजून एकदा बघू दे."