डोळा चुकवून

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला बालविकास हा विषय होता. त्यात प्रत्येकीने एका बाळाचं निरीक्षण करायचं होतं. माझ्या वाट्याला सदाशिव पेठेतलं एक पाळणाघर आलं. मॅडमनी बजावलं होतं, कोपऱ्यात बसायचं, दिसेल ते लिहायचं, बाळाला उचलायचं नाही आणि पालकांना सल्ला द्यायचा नाही. सल्ल्याची भीती माझ्याबाबतीत नव्हतीच. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. मला बसच्या कंडक्टरशी बोलतानाही आधी मनात वाक्य जुळवावं लागे.

धायरीला घरी हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती.

"नुसतं बघायचं? उचलायचं बी न्हाई?"

"नाही."

"आन् रडलं तर?"

"तरी नाही. लिहायचं."

"मग तुझ्यापरीस आपली म्हस बरी. ती निदान हंबरती तरी."

पाळणाघर म्हणजे एका काकूंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर. माझ्याकडे आलेलं बाळ म्हणजे आठ महिन्यांचा मुलगा. सुरुवातीला तो पोटावर सरकायचा. उजवा कोपर पुढे टाकायचा, डावा पाय नुसता मागून ओढत आणायचा. जो उचलेल त्याच्याकडे जायचा. काकूंनी खुळखुळ्यावर फडकं टाकलं की त्याच्या लेखी खुळखुळा संपला. तो दुसरीकडे बघायला लागायचा.

त्याची आई सकाळी स्कूटरवरून त्याला सोडायला येई. तिची निघायची पद्धत ठरलेली होती. काकू खुळखुळा वाजवत, बाळ तिकडे वळे आणि ती स्वयंपाकघराच्या पडद्याआड होऊन मागच्या जिन्याने उतरून जाई. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडेही लेकराच्या देखत कोणी घराबाहेर पडत नाही. शेतावर जाताना आई माझ्या धाकट्या भावाला असंच चुकवायची.

मग काही दिवसांत तो गुडघ्यांवर आला. दोन्ही पाय सारखे चालायला लागले. त्याच सुमारास त्याने फडकं उचलून खाली बघायला सुरुवात केली. खुळखुळा सापडला की आधी काकूंकडे बघायचा, मग हसायचा. मी खुशीत ते सगळं लिहिलं.

आणि याच दिवसांत त्याचं रडणं सुरू झालं. नवीन माणूस दिसलं की रडायचा, काकूंनी घेतलं की रडायचा. सकाळी जिन्यातच आईच्या ओढणीला घट्ट धरायचा.

"काकू, इथे काही झालंय का?" एका गुरुवारी त्याच्या आईने विचारलं.

"झालं ना. मोठा झाला."

तिला हसू आलं नाही. घरचे सगळे म्हणत होते की बाळ तिथे खूश नाही, तू नोकरी सोड. सोमवारी तिला ऑफिसात सांगायचं होतं, राहणार की सोडणार. हे सांगताना ती खाली बघत होती. मग एकदम माझ्याकडे वळली.

"तू रोज बसतेस ना इथे? खरं सांग. याला कोणी ओरडतं का?"

"सांग गं कॉलेज," काकू म्हणाल्या; त्या मला याच नावाने हाक मारत. "माझ्यासमोरच सांग, म्हणजे मलाही कळेल."

सल्ला द्यायचा नव्हता, म्हणून फक्त दिसलं तेवढं सांगायचं ठरवलं. "कोणी ओरडत नाही, ताई. तुम्ही गेल्यावर तो लगेच रडतही नाही. आधी त्या पडद्याकडे रांगत जातो. पडदा उचलतो, मागे बघतो. परत येतो, परत जातो. हातात खेळणं असलं तरी तोंड तिकडेच." बोलता बोलताच मला कळत गेलं. "फडक्याखालचा खुळखुळा त्याला सापडतो आता. तुम्ही सापडत नाही."

तिने वळून पडद्याकडे बघितलं.

"तरीच पडदा खालून एवढा मळलाय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती बाळासमोर बसली. "मी ऑफिसला निघाले. संध्याकाळी न्यायला येते हं," म्हणाली आणि पुढच्या दारातून गेली. तो असा किंचाळला की मी हात मांडीखाली दाबून बसले. काकू त्याला घेऊन गॅलरीत गेल्या. खाली ती हेल्मेट घालून स्कूटरपाशी तशीच उभी होती.

"अहो, निघा आता," काकू वरून ओरडल्या. "ओवाळायला येऊ का खाली?"

स्कूटर वळेपर्यंत तो बघत राहिला. त्यानंतरही रडला, नेहमीपेक्षा जास्तच. मग हुंदके देत काकूंच्या मंगळसूत्राशी खेळायला लागला. खाली ठेवल्यावर वाटी आपटत बसला. दुपारी एकदा पडद्यापाशी गेला, उचलून बघितलं, आणि तिथेच पडद्याचं टोक चोखत बसला. आधीसारख्या फेऱ्या मारल्या नाहीत.

शनिवार-रविवार मी घरात गप्प होते. त्या एका दिवसाच्या रडण्यावरूनच तिने नोकरी सोडायचं ठरवलं तर, असं वाटत होतं.

"का गं, हंबरलीस की काय?" आईने विचारलं.

"थोडंसं," मी म्हणाले.

सोमवारी ती त्याला सोडून गेली. ऑफिसात काय सांगितलं, हे संध्याकाळी विचारायचं मला धाडस झालं नाही. मंगळवारी ती येते की नाही हे बघायला मी लवकर जाऊन कोपऱ्यात बसले. खाली स्कूटर थांबली आणि जिन्यातून रडणं वर यायला लागलं.

"आले साहेब," म्हणत काकूंनी पुढचं दार उघडलं.