अशोकस्तंभ ते दिंडोरी, एकटीने

जानेवारीतली गार सकाळ. गंगापूर रोडवरच्या अंधांच्या केंद्राच्या पायरीवर आम्हाला चालायला शिकवणारे सर थांबले. "मॅडम, इथून पुढं तुम्ही एकट्या. पायी सीबीएस, तिथून एसटीनं दिंडोरी. मदत लागली तर मागायची. तोंड आहे ना?"

दोन वर्षांपूर्वी माझी नजर पार गेली. शाळेतली शिक्षिकेची नोकरी अजून आहे, पण यजमानांचं एकच टुमणं, राजीनामा देऊन टाक, रस्त्यात काही झालं तर? शेवटी ठरलं की आज मी एकटी घरी पोहोचले तर शाळा, नाही तर राजीनामा. दीड महिना केंद्रात राहून पांढरी काठी शिकले ती यासाठीच.

अशोकस्तंभापर्यंत बरं गेलं. दुकानांची शटरं वर जात होती, कुठून तरी मिसळीच्या तर्रीचा (वरच्या झणझणीत रश्श्याचा) वास आला. काठी सारखी उभ्या दुचाक्यांवर आपटत होती. आम्ही नाशिककर फुटपाथवर सगळं ठेवतो, चालायला जागा तेवढी ठेवत नाही!

कोपऱ्यावर मी गाड्यांचा कानोसा घेत उभी राहिले. तेवढ्यात कुणीतरी दंड धरला. "चला मावशी, सोडतो पलीकडं!" मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्या भल्या माणसानं ओढतच मला रस्ता ओलांडायला लावला आणि तो निघूनही गेला. मला ओलांडायचाच नव्हता! केंद्रात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की आपण सोबत्याचं कोपर धरायचं, त्याला आपला दंड धरू द्यायचा नाही. ते सांगायला माझं तोंडच उघडलं नाही. भिडस्त मेली!

आता गाड्या कुठल्या बाजूनं येताहेत तेच कळेना. "सर!" मी ओरडले. सर वीस पावलांवर असणार, अशी मनातून खात्री होती. कुणी ओ दिली नाही. एक रिक्षा अंगाला चाटून गेली. वाटलं, यजमानांना फोन करावा आणि संपवावं एकदाचं. हात पर्समध्ये गेलासुद्धा.

"ओ ताई, पुढं गटार हाय! थांबा तिथंच." एक पेरूवाली धावत आली. "कुठं जायचंय?" तिनंही दंडच पकडला.

"सीबीएसला. पण बाई, असं नाही," मी दंड सोडवून घेतला. "तुमचं कोपर द्या मला. तुम्ही पुढं, मी मागं."

"अगं बया! घ्या की. पण हात लय चिकट हायेत माझे."

पाटी तशीच सोडून तिनं मला थेट एसटीच्या दारापर्यंत नेलं. वाटेत विचारलं, "भीती नाय वाटत?"

"वाटते ना. आत्ताही वाटतेय."

बसनं गंगा (गोदावरीला इथं गंगाच म्हणतात) ओलांडली, तशा शेजारच्या आजी काहीतरी पुटपुटल्या. म्हसरूळ मागं पडलं आणि खिडकीतून द्राक्षबागांच्या फवारणीचा उग्र वास येऊ लागला. मी मुठी आवळून एकेक थांबा मोजत होते. एक जरी चुकला असता तर माझी शाळा गेली असती.

दिंडोरीला उतरले. "पोहोचलीस," मागून यजमानांचा आवाज आला.

"घरून आलात?"

"नाही. मागच्या सीटवर होतो. केंद्रापासून मागंच आहे मी."

माझं डोकंच फिरलं. "मी ओरडले तेव्हाही? ती रिक्षा आली तेव्हाही?"

"हो. सरांनी बजावलं होतं, तुम्ही हाक मारली तर ती हरली. तोंड उघडलं होतं गं मी. मारली असती हाक, तर तू राजीनामा दिला असतास. मला तोच तर हवा होता. तरी नाही मारली."

घरी पोहोचेपर्यंत मी त्यांच्यावर चिडत होते आणि रडत होते.

सोमवारी शाळेत रुजू व्हायचंय. भीती गेली का? छे! सकाळच्या बसचे थांबे मी आत्तापासूनच बोटांवर मोजतेय. यजमानांना मात्र बजावलंय, या खेपेला मागून यायचं नाही. ते "बरं" म्हणाले. पण लगेच बसची वेळही विचारून घेतली.