ॲमस्टरडॅमच्या जिन्यावर आई

माझ्या चुलतभावाचं लग्न जर्मनीत ठरलं. मुलगी तिकडचीच, त्याच्याच ऑफिसातली. आमच्या घरातून अकरा माणसं जायची ठरली. नवऱ्या मुलाचे वडील म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे, आणि घरात कोणी काय करायचं हेही तेच ठरवतात. "येवढ्या लांब जायचं तर युरोप बघूनच येऊ," असं त्यांनी जाहीर केलं. लग्नाआधी आठ दिवस हॉलंड आणि बेल्जियम, मग जर्मनी.

माझे वडील फौजेत होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आई अजून आबांच्याच एकत्र घरात राहते, त्याच चुलीपुढं. मी सांगलीत राहते, कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. आईलाही नेणार म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात पेढे वाटले. किती खुळी होते मी.

निघायच्या आधी बॅगांची वजनं शेडमधल्या बेदाण्याच्या काट्यावर झाली. आईची बॅग सगळ्यात जड भरली म्हणून मी ती उघडली. वर दोन साड्या आणि एक स्वेटर. खाली ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण चटणीचे डबे, डाळी, तवा, लाटणं.

"आई, तुझे कपडे कुठायत?"

"हायती की दोन. मला कोन बघतंय तिथं?"

लग्नात नेसायची भरजरी साडी मी माझ्या बॅगेत घातली आणि विषय तिथंच सोडला. आबांनी मुक्कामाला हॉटेलं न घेता स्वयंपाकघर असलेली घरं घेतली होती. तेही मला तेव्हा सोयीचंच वाटलं होतं. अकरा माणसांत एकीला स्वयंपाकासाठी नेलं जातंय, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त कुणी बोललं नव्हतं.

ॲमस्टरडॅमला घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना शिडीसारखा उभा, पायरी इतकी अरुंद की पाऊल आडवं टाकावं लागे. आईचे गुडघे दुखतात. पहिल्या दिवशी वर चढून आली ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही, सरळ ओट्याकडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अकरा जणांचं खाणं केलं, बरोबर न्यायला धपाटी बांधून दिली, आणि सगळे कालव्यातली बोट बघायला निघालो.

"हिच्या आईचं गुडघं दुखत्यात," आबा बूट घालत म्हणाले. "त्यास्नी ऱ्हाऊ द्या घरात. दुपारचं जेवाण तरी ताजं मिळंल."

"मी थांबते हिच्याजवळ," मी म्हणाले.

आईच मला ढकलत म्हणाली, "जा गं. येवढ्या लांब आल्यावर घरात बसतीस व्हय? मी जेवाण करून ठिवती."

आणि मी गेले. हे मला नीट लिहायला हवं, कारण पुढं मी आबांवर जी काही भडकले त्यात मी स्वतःला मोठ्या चलाखीनं वगळलं होतं. बोटीवर बसून मी तिनं केलेली धपाटी खाल्ली. तिला दाखवायला म्हणून पुलांचे, सायकलींचे फोटो काढले. घराच्या दोन किल्ल्या होत्या. दोन्ही आबांच्या खिशात होत्या.

आम्ही परत आलो तेव्हा चार वाजले होते. जिना चढताना वरून आईचा आवाज आला. ती दाराबाहेर, जिन्याच्या चिंचोळ्या जागेत एका लाकडी खुर्चीवर बसली होती. पायात कुणाचे तरी लोकरीचे मोजे, खांद्यावर परकी शाल. शेजारी पायरीवर एक पिकल्या केसांची गोरी बाई बसली होती.

सकाळी आम्ही गेल्यावर अर्ध्या तासात आई कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवायला आली होती. वाऱ्यानं दार लागलं. तिकडची दारं लागली की किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अनवाणी पाय, हाताला मळलेलं पीठ. तिनं दार वाजवलं, बंद घराचं. मग बराच वेळ ती नुसती उभी राहिली, कारण परक्या घराच्या पायरीवर बसलं तर कोणी रागावेल असं तिला वाटलं. खालच्या मजल्यावरची ही म्हातारी बाई बाजारातून आली आणि तिनं तिला पाहिलं. खुर्ची आणली, मोजे आणले, कॉफी दिली. फोन पुढं केला. आईला एकच नंबर पाठ आहे, माझा सांगलीचा. तो मी विमानतळावर बंद करून तिकडचं कार्ड घातलं होतं. त्या बाईनं तो चार वेळा लावला.

पाच तास.

आबा वर आले, त्यांनी बघितलं, ऐकलं, आणि त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "म्हंजी जेवाण झालंच न्हाई व्हय?"

"आत्ता करती, भावजी. धा मिन्टात," आई म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. उठताना तिनं भिंत धरली. मी तिला बस म्हटलं, तिनं ऐकलं नाही. मी मोजे आणि शाल घेऊन खाली त्या बाईकडं गेले, आभार मानले. ती इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या आईनं मला तिच्या शेताबद्दल खूप सांगितलं. मला काही कळलं नाही, पण ती खूप बोलली." आणि मग मला सरळ विचारलं, "तुम्ही सगळे कुठं होता?" मी मोजे आणि शाल तिच्या हातात ठेवून वर आले.

त्या दिवसानंतर मी आईजवळच राहिले. ब्रुसेल्सला आम्ही दोघी एका बागेत बसलो, एवढंच. तिथंही ती चार वाजले की उठायची. "पीठ भिजवायचं ऱ्हायलंय." मी रागावले की म्हणायची, "तुला काय करायचंय? माझं मला बघू दे."

लग्न ऱ्हाइन नदीकाठच्या एका गावात झालं. तिकडं जेवणाच्या वेळी माणसं उठून बोलतात, नवरानवरीचे गमतीचे किस्से सांगतात. नवरीचे वडील बोलले, मैत्रिणी बोलल्या. मग आबांच्या हातात माईक आला. शेजारी उभा राहून चुलतभाऊ एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत होता. आबा रंगात आले. शेती झाली, पोराचं शिक्षण झालं, आणि मग ते म्हणाले, "आमची एक भावजय हाय. युरोप बघाय आणली, तर बाई दाराभाईर अडकून बसली! पाच तास! आमी बोटीत न् ही जिन्यात!" त्यांनी आईची नक्कलही केली, दोन्ही हातांनी बंद दार बडवून.

जर्मन पाव्हणे हसले. आमची माणसं हसली. मी आईकडं पाहिलं. तोंडाला पदर लावून तीही हसत होती.

ते हसणं मला सोसलं नाही. मी उठले, आबांच्या हातातून माईक घेतला. अक्षरशः काढून घेतला. इंग्रजीत म्हणाले, "ती बाई माझी आई आहे. तिच्याकडं किल्ली नव्हती, कारण कुणी दिली नव्हती. या प्रवासात तिनं रोज अकरा जणांचा स्वयंपाक केला. युरोपात तिनं पाहिली ती फक्त स्वयंपाकघरं." मग आबांकडं वळून मराठीत म्हणाले, "दोन किल्ल्या होत्या, आबा. दोन. एक तिला देता आली असती."

चुलतभाऊ लालबुंद झाला होता. "ताई, बास," एवढंच तो पुटपुटला. नवरीनं त्याला काहीतरी विचारलं, त्यानं हातानंच 'नंतर' म्हणून खुणावलं. आबांनी खुर्ची ओढली आणि बसले.

आईनं मला मनगटाला धरून बाहेर नेलं. नखं रुतली.

"लाज सोडलीस का गं? पोराच्या लग्नात?"

"तुझी नक्कल करत होते ते!"

"करू दे की! हसत्यात मानसं. हसून इसरत्यात. आता कोन इसरंल?"

परत येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. विमानात तिनं माझ्या शेजारची जागा बदलून घेतली. गावात आमच्या आधीच बातमी पोचली, तीही माझीच: लग्नात तमाशा केला, थोरल्या माणसाला चार लोकांत खाली बघायला लावलं. जिन्यातल्या पाच तासांचं कुणी नाव काढलं नाही. 'दोन किल्ल्या होत्या, आबा' हे माझं माईकवरचं वाक्य मात्र सगळ्यांना पाठ होतं.

पंधरा दिवसांनी काकीचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, फोन आला. आवाज दबका. "बरं केलंस पोरी. कुनीतरी बोलायलाच पायजे होतं. पन मी असं म्हनले हे कुनाला सांगू नगंस." मी फोन ठेवला आणि आबांचा आला नव्हता इतका मला तिचा राग आला. ती त्याच टेबलावर बसली होती. तीही हसली होती.

आबांच्या मुलीचं लग्न या वर्षी सांगलीत झालं. आबांनी आईला निरोप धाडला होता, लग्नघरात माणूस लागतंय, आठ दिवस आधी मंगल कार्यालयावर मुक्कामाला या, चहापाण्याचं बघा. मला हे कळलं ते आईकडूनच.

"मग? काय सांगितलंस?"

"अक्षतेपुरती येती म्हनलं."

लग्नाच्या दिवशी ती माझ्याकडं येऊन साडी नेसली, आम्ही रिक्षानं कार्यालयात गेलो आणि दुसऱ्या रांगेत बसलो. आबा समोरून दोनदा गेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, मीही त्यांना नमस्कार केला नाही. तो मी अजून केलेला नाही. आई वाढायला न उठता पहिल्याच पंगतीत बसली, जिलेबी मागून घेतली, आणि वाढप्याला म्हणाली, "मठ्ठा लय पातळ झालाय रं."